मधली जागा

"दर दोन खुर्च्यांमध्ये एका खुर्चीएवढी जागा सोडा," काकूंनी बजावलं आणि खुर्चीवाल्याने काय ते ओळखलं. खुर्च्या भाड्याने देण्यात त्याची हयात गेली होती. माणसं येतील की नाही अशी धाकधूक असली, की लोक खुर्च्या विरळ मांडायला लावतात, म्हणजे हॉल भरल्यासारखा दिसतो. आज काकांचा साठावा वाढदिवस, आणि इथे चिटपाखरूही फिरकणार नाही!

"काकू, हवं तर माझ्या घरची मंडळी आणून बसवतो," तो चाचरत म्हणाला.

"आणा की, जेवायलाच या. पण तेवढी जागा सोडा हं."

संध्याकाळी दार उघडलं. आधी एक आजोबा येऊन खुर्चीत बसले. त्यांच्या मागोमाग आजी आल्या त्या चाकांच्या खुर्चीतून, आणि सरळ त्यांच्या शेजारच्या मोकळ्या जागेत शिरल्या. मग एक तरुण, स्वतःच चाकं फिरवत, खुर्चीत बसलेल्या आपल्या आईच्या बाजूला. मग तर रीघच लागली. फाटकापर्यंत चाकंच चाकं!

"या सगळ्यांच्या चाकांच्या खुर्च्या तुमचे काकाच दुरुस्त करतात," काकू हळूच म्हणाल्या. "एरवी कुठेही गेलं, की घरचे रांगेत आणि या चाकांवरच्यांना भिंतीकडेला लावतात."

खुर्चीवाला दारातच खिळला. हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा उरली नव्हती, आणि त्याची एकही खुर्ची जागची हलली नव्हती.