साहेबाच्या थडग्याशेजारी

"उठतेस, की उचलून बाजूला करू?" सोसायटीचे अध्यक्ष उदयसिंह तिसऱ्यांदा म्हणाले. कातकरवाडीवरची गोदा हलली नाही. जेसीबीच्या पुढ्यात, चार गोट्यांच्या ढिगाशी ती मांडी ठोकून बसली होती.

विचुंब्याच्या या नव्या सोसायटीच्या मागे कुणा इंग्रज साहेबाचं जुनं थडगं आहे. काळा दगड, चारी बाजूंनी वेलबुट्टी, उशाशी पंख असलेलं गुटगुटीत मूल कोरलेलं. त्याला हात लावायची कुणाची बिशाद? उलट त्याला साखळी लागणार होती, दिवे लागणार होते. भोवती लॉन हवं होतं, आणि लॉनच्या आड येत होते ते गोदाचे गोटे.

"माझं पोर हाय हितं," गोदा म्हणाली. "दोन वर्सं झाली. सायबाच्या दगडावर पोर हाय, त्याच्या जोडीला ठेवलं. एकटं नको म्हणून."

"साहेबाच्या थडग्यावर नाव आहे, साल आहे. तुझ्या गोट्यांवर काय आहे?" उदयसिंह हसले. जमलेल्यांतले दोघं-तिघंही हसले. हसायला काय जातं मेल्यांचं. "आणि हिंदूंची कधी थडगी असतात का गं? जागा बळकावायचे धंदे सगळे. आज गोटे, उद्या झोपडी."

"तान्हं पोर तुमच्यात जाळतात?"

आता कुणी हसलं नाही. तान्ही पोरं पुरतात, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"भरत, घे रे पुढे," उदयसिंह ड्रायव्हरवर खेकसले.

मशीन गुरगुरलं. लॉनच्या पूजेचं ताट घेऊन उदयसिंहांची बायको सुमती मागे उभी होती. तिने ताट कुणाच्यातरी हातात दिलं आणि मशीनच्या पुढ्यात येऊन थांबली. भरतने इंजिन बंद केलं.

"अहो, आपली मुलगी सहा दिवसांची होती," ती म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. "तुम्ही आणि मामंजी घेऊन गेलात. एकवीस वर्षं झाली. मला जागा दाखवली नाहीत."

"सुमती, घरी चल. चारचौघांत हे काय लावलंयस?"

"कुठे पुरलीत, तेवढं सांगा. मग खुशाल चालवा मशीन."

उदयसिंहांनी खाडीच्या दिशेने हात केला. मग थोडा डावीकडे नेला. मग खाली घेतला.