बासष्टावी आग

मयुरीने मोहाच्या झाडाखाली लाल झेंडी रोवली आणि रोजच्या सवयीने मोठ्याने म्हणाली, "आग इथून सुरू झाली." सोबतच्या वनमजुराने, योगेंद्रने, वहीत नोंद केली. जंगलात आग किती वर्षांनी येते, कुठून येते आणि तिच्यानंतर काय उगवते, हे मोजणे तिचे काम होते.

मोजायच्या टेपचे दुसरे टोक रूपरावच्या हातात होते. काल ही आग उतार उतरून त्याच्या गोठ्यापर्यंत गेली आणि दोन बैल दाव्याला बांधलेलेच जळाले. आज सकाळी तो न बोलावता आला. त्याने टेप धरली, वाटेतली काटेरी झुडपे तोडली. खांद्यावरची कुऱ्हाड त्यासाठीच आहे, असे तिला वाटले होते.

झाड कोणाचे, असे त्याने योगेंद्रला विचारले. योगेंद्रने वहीत डोके घातले. इथे प्रत्येक मोह कुठल्या ना कुठल्या घराचा असतो, आणि फुले वेचायला सोपे जावे म्हणून ते घर झाडाखालचा पाला जाळते. उत्तर टोपली घेऊन समोरून येतच होते. आनंदाबाई थेट त्या झाडाशी आली. तिची शेजारीण छाया, सातव्या महिन्याचे पोट सांभाळत, पुढच्या आपल्या झाडाकडे गेली.

रूपरावने कुऱ्हाड उलटी धरली होती. पहिला घाव आनंदाबाईने हातावर झेलला. हाड मोडल्याचा आवाज मयुरीला स्पष्ट ऐकू आला. दुसरा गालावर बसला आणि म्हातारी फुलांवर कोसळली. तिसऱ्यासाठी त्याने पाते फिरवले, तेव्हा योगेंद्रने मागून त्याच्या कमरेला मिठी मारली. दोघे खाली पडले.

"वरडत होते माहे बैल, बुढे," रूपराव धापा टाकत म्हणाला. "दावं तोडता आलं नाई त्याईले."

"आठ रोज झाले मले पाला जाळून," आनंदाबाई जमिनीवरूनच म्हणाली. "काल नाई."

मयुरी गुडघ्यांवर बसली आणि झेंडीजवळच्या राखेवर तिने फुंकर मारली. राख उडाली नाही. आठ दिवस टपकलेल्या फुलांच्या रसाने ती जमिनीला धरून बसली होती. हे झेंडी रोवण्याआधी पाहायला हवे होते.

तिने मान वर केली. चाळीस पावलांवर छाया आपल्या मोहाखाली रिकामी टोपली धरून थिजली होती. तिच्या पायांभोवतीची राख पांढरी, ताजी होती. वाऱ्याची झुळूक आली की ती उठून लुगड्यावर बसत होती.

रूपरावने योगेंद्रला झटकले. कुऱ्हाड पुन्हा त्याच्या हातात होती.

"मंग कोनं लावली? सांगा मॅडम. तुमाले समजते."

चार उन्हाळ्यांत मयुरीने वर्ध्याच्या या टेकड्यांतल्या एकसष्ट आगी मोजल्या होत्या. एकूण एक माणसाच्या हातच्या.

"वीज," ती म्हणाली. "वीज पडून लागली."

योगेंद्रने खाली पडलेली वही उचलून मिटली. रूपरावने वर पाहिले. चैत्रातले आकाश कोरडे, पांढुरके होते. पंधरा दिवसांत त्यात ढग आला नव्हता. त्याची नजर सावकाश खाली आली आणि पुढच्या मोहाकडे वळू लागली.

आनंदाबाईने तोंडातले रक्त थुंकले. मोडलेला हात पोटाशी धरून ती दुसऱ्या कोपरावर उठली.

"पडली होती ईज," ती म्हणाली. "मीनं पायली, रूपराव."