एकशे त्रेपन्न मासे

नवेगाव बांधच्या आमच्या प्रार्थनाघरात मी योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय समजावत होतो. शिष्यांचं रात्रभर रिकामं राहिलेलं जाळं, आणि सकाळी येशूच्या सांगण्यावरून टाकल्यावर सापडलेले एकशे त्रेपन्न मासे. त्या आकड्याचा अर्थ सांगण्यातच पाऊण तास गेला.

प्रार्थनेनंतरच्या जेवणाची मासळी दर रविवारी देवकाबाईच रांधते, त्यामुळे प्रवचनही ती चुलीपाशी बसूनच ऐकते. तिथूनच तिनं विचारलं, "पास्टर, थे थकूनभागून आले, तवा काठावर त्याईच्यासाठी मासे कोन भाजून राहिला होता?"

"येशू."

"सोता?"

"हो."

"मंग थे काऊन नाही सांगून राहिले तुमी?"

पुढच्या रविवारी मी बायबल मिटून ठेवलं आणि चुलीपाशी जाऊन बसलो. देवकाबाई पहिल्यांदाच सगळ्यांसोबत पंगतीला बसली. तिच्या ताटात मीच वाढलं, आणि तिचा पहिला घास होईपर्यंत तिथंच उभा राहिलो.

"मीठ कमी पडलं पास्टर," ती म्हणाली, "पन प्रवचन आज बराबर झालं."