जाळीमागची लुचिएता

बेटिनाने व्हायोलिनच्या तारांवर गज टेकवला तेव्हा लुचिएता तिच्या शेजारी रिकाम्या हातांनी बसली होती. खाली चर्चमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. सगळं व्हेनिस लुचिएताला ऐकायला लोटलं होतं, आणि सज्जाच्या दाट लोखंडी जाळीमागे आज वाजवत होती भलतीच पोरगी.

अनाथाश्रमाच्या मुली वाजवताना कुणाला दिसता कामा नयेत, म्हणून ती जाळी. तीस वर्षं लोकांनी लुचिएताची पाहिली ती फक्त सावली. पण नाव असं गाजलं, की परदेशचे सरदार इथे उतरले की आधी तिला ऐकायचे आणि मग गाव बघायला निघायचे. तिला आडनाव नव्हतं, ते गावानेच बहाल केलं. लुचिएता व्हायोलिनवाली.

आता तिच्या डाव्या हाताची अनामिका वळेनाशी झाली होती. आश्रमाच्या मोठ्या बाईंनी तिला सकाळीच बजावलं होतं, "तुझ्या जागी त्या पोरीला बसव हवं तर. पण बाहेर बभ्रा नको. खालच्यांना ती तू नाहीस असं कळलं, तर पोरगी परत लेस विणायला जाईल आणि तू परत खुर्चीत, बोट वळो न वळो. नाही कळलं, तर ईस्टरपासून जागा तिची."

कुणाला कळू नये, असंच लुचिएताला वाटत होतं. खरं सांगायचं तर थोडंसं कळावं, असंही वाटत होतं. एवढी वर्षं वाजवलं, निदान एखाद्याला तरी चुकल्याचुकल्यासारखं व्हावं की नाही?

पहिला जलद भाग बेटिनाने हुबेहूब लुचिएतासारखा काढला. मग संथ भाग आला. त्याचा कागदावर नुसता सांगाडा असतो, बाकीचं वाजवणाऱ्याने आपल्या मनाने भरायचं. लुचिएता तो कसा भरते, हे गावाला तोंडपाठ होतं. होडीवाले तिच्या हरकती शिट्टीवर वाजवत फिरायचे. त्याच तिने बेटिनाकडून महिनाभर घोटून घेतल्या होत्या.

बेटिनाने त्या वाजवल्याच नाहीत.

सुरुवातीलाच ती वेगळ्या वाटेला लागली. जिथे लुचिएता झरझर खाली उतरायची तिथे ही एकाच सुरावर थांबली, आणि इतका वेळ थांबली की खर्जाची साथ करणाऱ्या कोर्नेलियाने घाबरून मान वर केली.

"अगं, काय करतेस!" लुचिएता पुटपुटली.

पोरीने ऐकलंच नाही. डोळे मिटून ती आपल्याच नादात होती. संपलं सगळं, लुचिएताच्या मनात आलं, आता बहिऱ्यालाही कळेल ही मी नव्हे. आणि त्याच वेळी तिच्या अंगावर सर्रकन काटा आला, कारण ते फार सुंदर होतं.

शेवटचा सूर विरला. चर्चमध्ये टाळ्या वाजवायला बंदी होती. वादन आवडलं तर लोक खोकायचे, नाक शिंकरायचे, पाय घासायचे. आज खाली चिडीचूप. लुचिएताने नकळत बेटिनाचा घामेजलेला हात धरला.

मग खांबाजवळून कुणीतरी खोकलं. त्याला दुसऱ्याने साथ दिली, आणि बघता बघता सगळ्या चर्चला एकदम पडसं झालं. बाकं हलली. पाद्रीबुवांनी हात वर केले तरी कुणी थांबेना.

प्रार्थना आटोपल्यावर दरवाजा सांभाळणारी ओर्सोला धापा टाकत जिना चढून आली. तिच्या हातात रुमालात बांधलेले गरमागरम फ्रित्तोले होते. कार्निव्हल होता, सगळ्या गल्ल्यांमधून तेच मनुकांचे गोड गोळे तळले जात होते.

"मोठ्या बाई म्हणाल्या, जागा पोरीची," ती म्हणाली. "आणि हे खाली पुढच्या बाकावर बसणाऱ्या सिन्योरा पिसानांकडून. लुचिएतासाठी. म्हातारी रडून रडून लाल झालीय."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, लुचिएता वाजवते छान, पण तिच्या गुरूची, आन्झोलाची सर काही तिला कधी आली नाही. ज्या हिवाळ्यात खाडी गोठली, त्या हिवाळ्यात एका रविवारी आन्झोलाने हाच तुकडा वाजवला होता. तसा तो पुन्हा ऐकला आज. सांग तिला, म्हणाल्या, जमलं बाई तुला एकदाचं!"

बेटिनाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "वाजवलं मी, फ्रित्तोले तुम्हाला, आणि कौतुक तिसरीचंच! काय कळतं हो त्या म्हातारीला?"

लुचिएता आधी खुदकन हसली, मग हसतच सुटली. इतकी, की ओर्सोला तिच्या पाठीवर थापट्या मारू लागली.

"तिला सगळं कळतं गं," श्वास सापडल्यावर ती म्हणाली. "फक्त नावं कळत नाहीत. त्या रविवारी आन्झोलाबाई तापाने फणफणल्या होत्या. मी सोळा वर्षांची. मला असंच बसवलं होतं इथे, त्यांच्या नावावर."

बेटिनाने डोळे पुसले. "म्हणजे तेव्हा ते..."

"तीस वर्षं हे गाव मला सांगतंय, की मला माझीच सर नाही."

रुमालाची गाठ सोडून लुचिएताने त्यातला सगळ्यात मोठा, मनुकांनी फुगलेला गोळा उचलला आणि पोरीच्या तळहातावर ठेवला.

"खा," ती म्हणाली. "तेव्हा आलेले सगळे आन्झोलाबाईंनी खाल्ले होते. ताप असून."