वनस्पतिशास्त्रातली एक जागा

"आपल्यातल्याच कोणीतरी सांगितलं," नासिमियू म्हणाली आणि तिने दार ओढून घेतलं.

वनस्पतिशास्त्र विभागाच्या खोलीत कोणी मान वर केली नाही. समोरच्या सभागृहात लग्नाचा बँड वाजत होता. नैरोबीच्या सरकारने अनुदान कापल्यापासून सरोवराकाठचं हे विद्यापीठ आपलं सभागृह लग्नांना भाड्याने देत होतं, आणि मुलं परीक्षेचे पेपर व्हरांड्यात बसून, ढोलाच्या तालावर लिहीत होती. वसतिगृहाला कुलूप होतं. नळ कोरडे होते. आता नवा हुकूम आला होता: प्रत्येक विभागाने एक शिक्षक कमी करावा, नाहीतर विभागच बंद होईल.

आदल्या संध्याकाळी विभागातले सगळे शिक्षक विभागप्रमुख ओगुटूंच्या घरी जमले होते. तळलेले मासे आणि मक्याच्या पिठाची घट्ट उगाली खाता खाता ठरलं, की हुकूम मागे घेईपर्यंत तपासलेल्या उत्तरपत्रिका द्यायच्याच नाहीत. निकाल अडला की वर धावपळ होईल. पण सकाळी शिक्षक पोचायच्या आत पहारेकऱ्यांनी विभागाचं कपाट फोडून सगळे गठ्ठे कुलगुरूंच्या कार्यालयात नेले होते.

"एकमेकांवर संशय घेऊ नका," ओगुटू म्हणाले. इथल्या प्रत्येकाला त्यांनीच शिकवलं होतं, म्हणून सगळे त्यांना म्वालिमू म्हणत, गुरुजी म्हणावं तसं. "मी कुलगुरूंना सांगून आलोय. कमी करायला माझ्या माणसांपैकी एकाचंही नाव मी देणार नाही. हवं तर मला घरी पाठवा म्हटलं."

शेजारी बसलेल्या चेरोप मॅडमनी डोळे पुसले. नासिमियूलाही भरून आलं.

बाहेर पडल्यावर तिने ओगुटूंना गाठलं. "म्वालिमू, तुम्हाला कोणाचा संशय येतो?"

"मला कशाला विचारतेस?"

"खरं सांगा."

ओगुटूंनी आवाज खाली आणला. "मी रात्री उशिरा... नाही, जाऊ दे. सकाळी मुसेम्बी कुलगुरूंच्या इमारतीतून बाहेर येताना दिसला. काही काम असेल त्याचं."

मुसेम्बी रोपवाटिकेत होता. सरोवरातून आणलेलं पाणी तो डब्याने एकेका रोपाला घालत होता. नासिमियूचाच तो जुना विद्यार्थी, आता विभागातला शिक्षक. त्याच्या नोकरीसाठी ती भांडली होती, त्याच्या लग्नात ती वरमाईसारखी मिरवली होती, आणि त्याने आपल्या मुलीचं नाव तिच्यावरून ठेवलं होतं.

"सकाळी कुलगुरूंकडे कशाला गेला होतास?"

"पाण्यासाठी, मॅडम. आठवड्यातून एखादा टँकर तरी द्या म्हणायला. रोपं मरतायत."

"आणि नेमका आजच गेलास?"

मुसेम्बीने डबा खाली ठेवला. "तुम्हाला काय वाटतंय, मी सांगितलं?"

नासिमियू परत फिरली. त्याने नाही म्हटलं नव्हतं, एवढंच तिच्या मनात राहिलं.

ओगुटूंच्या कानावर तिने हे घातलं, तेव्हा ते हळहळले. "असेल, पाण्यासाठीच गेला असेल," ते म्हणाले. पण अशा आवाजात, की मुसेम्बीनेच सांगितलं याची तिला खात्री पटली.

मग विभागात त्याच्याशी कोणी बोलेनासं झालं. चहाच्या वेळी तो आला की चेरोप किटली उचलून विचारायची, "तुला ओतू, की कुलगुरूंकडे पिऊन आलास?" बाकीचे हसायचे. गोष्ट विद्यार्थ्यांपर्यंत गेली. त्याच्या तासाला मुलं मागच्या बाकावरून "टँकर आला, टँकर आला" असं ओरडू लागली.

एकदा त्याने नासिमियूला जिन्यात अडवलं. "बाकीच्यांचं सोडा, मॅडम. तुम्ही तरी विश्वास ठेवा. घरी मुलगी विचारते, मोठी नासिमियू का येत नाही."

"तिचं नाव बदल," नासिमियू म्हणाली आणि वर निघून गेली. वर गेल्यावर तिला रडू आलं. हाताला धरून वर आणलेल्या पोरानेच दगा द्यावा, हे तिला सहन होत नव्हतं.

सत्र संपता संपता मुसेम्बीने राजीनामा दिला. निरोप-समारंभ झाला नाही. तो तिच्या खोलीत आला, रोपवाटिकेची किल्ली टेबलावर ठेवली.

"सकाळीच पाणी घालत जा. उन्हात घातलं तर कोवळी रोपं करपतात."

तिने मान वर केली नाही. पावलं लांब गेल्यावरच तिने किल्ली उचलली.

पुढच्या आठवड्यात ओगुटू तिच्याकडे आले. विभाग वाचला होता.

"हुकूम मागे घेतला?" तिने आनंदाने विचारलं.

"नाही. मुसेम्बीची जागा रिकामी झाली ना, तीच कमी केली. आता कोणाला जावं लागणार नाही."

नासिमियूने थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला. "म्हणजे जाता जाता तरी उपयोगी पडला म्हणायचा. एल्डोरेटच्या एका शाळेत लागतोय असं ऐकलं. तिथले मुख्याध्यापक माझे मावसभाऊ. आज त्यांना फोन करते. कसला माणूस घेताय, ते कळू दे त्यांना."

"नको करू."

"का नको? आणखी कोणाला फसवायच्या आत..."

"नको म्हटलं ना." ओगुटूंनी कप हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. तो तसाच परत टेबलावर ठेवला.

"त्या पोराने काही केलेलं नाही, नासिमियू. त्या रात्री कुलगुरूंना फोन मी केला होता. एक जण कमी व्हायलाच हवा होता. कोणाला काढायचं, ते मी तुमच्यावर सोडलं."