स्काउलेरीचा वळसा

पुढे रस्ताच उरला नव्हता. पावसाने डोंगराचा लचका तोडून थेट खाडीत लोटला होता. बार्दीने शिव्या घालत बस मागे घेतली.

"आता स्काउलेरीवरून वळसा," तो म्हणाला.

"नको. परत फिरू," हाल्वेग म्हणाली.

"अगं, मागे चोवीस माणसं बसलीत. खाड्या बघायला आलीत ती, माझं थोबाड बघायला नाही."

हाल्वेग अकरा उन्हाळे या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवत होती. कुठल्या कड्यावर कुठले पक्षी, कुठल्या वाडीत किती माणसं उरली, सगळं तिला तोंडपाठ होतं. फक्त स्काउलेरी गाव तिने कुणाला कधी दाखवलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायची, तिथे बघण्यासारखं काही नाही.

बस उताराला लागली. हाल्वेगने माईक खाली ठेवला. पिशवीची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. खाली अकरा घरं, एक चर्च आणि मासे वाळवायच्या रिकाम्या मांडण्या दिसू लागल्या.

"घसा बसला का? आज इतिहास नाही, भूगोल नाही," बार्दी म्हणाला.

"थांबू नकोस इथे. सरळ काढ."

तेवढ्यात मागून एक म्हातारी पर्यटक पुढे आली. "मुली, मला जरा जायला हवं. लगेच."

गावात उघडं असं एकच दार होतं, ओद्नीच्या कॉफीघराचं. बार्दीने बस तिथेच उभी केली. सगळे उतरले. हाल्वेग जागेवरून हलली नाही.

बावीस वर्षांपूर्वी, एका मार्च महिन्यात, तिने याच घरी फोन केला होता. ती तेव्हा खिंडीपलीकडच्या खाडीत, मासळीच्या कारखान्यात कामाला होती. ओद्नीचा मुलगा ईस्लेवुर तिला दोन रविवार भेटला नव्हता. ती फोनवर म्हणाली होती, "आज आलास तर आलास. नाहीतर कधीच येऊ नकोस." हिवाळ्यात रस्ता बंद असायचा. ईस्लेवुर स्की बांधून निघाला. खिंडीत वादळाने त्याला गाठलं. चौथ्या दिवशी तो सापडला. दफनाच्या वेळी हाल्वेगने हात पुढे केला, तेव्हा ओद्नीने मान फिरवली. त्यानंतर हाल्वेगने ना या गावात पाऊल टाकलं, ना कुठे घर केलं. उन्हाळा बसमध्ये, हिवाळा भाड्याच्या खोल्यांत. एका जागी दोन वर्षं म्हणून ती टिकली नाही.

बसच्या पायरीवर कुणीतरी चढलं. ओद्नी होती. वाकलेली, कोपरापर्यंत पिठाने माखलेली.

"हाल्वेग ना गं तू?"

हाल्वेग उठून उभी राहिली. इतकी वर्षं मनात घोकलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "ओद्नी, त्या दिवशी फोन मीच केला होता. माझ्यामुळे तो निघाला. मी तुम्हाला कधी सांगितलं नाही."

"सांगायचं काय त्यात? फोन स्वयंपाकघरात होता. तू एवढ्या मोठ्याने ओरडत होतीस, मला चुलीपाशी शब्द न् शब्द ऐकू आला."

हाल्वेगने मान खाली घातली. "मग तुम्हाला माहीत होतं."

"तुझं माहीत होतं. माझं तुला माहीत नाही." ओद्नीने सीटची पाठ घट्ट धरली. "फोन ठेवून तो हसायला लागला. म्हणाला, ही दर आठवड्याला हेच म्हणते गं आई. वारा पडू दे, उद्या जाईन. बूट काढून बसलासुद्धा."

बाहेर पर्यटक फोटो काढत होते. बार्दी कुणाला तरी डोंगराचं नाव चुकीचं सांगत होता. हाल्वेगने त्याची चूक सुधारली नाही.

"मीच त्याला उठवलं," ओद्नी म्हणाली. "म्हटलं, पोरीला तिष्ठत ठेवू नये, आजच जा. त्याचे ते बूट मीच पुन्हा त्याच्यापुढे आणून ठेवले. तू हात पुढे केलास तेव्हा तो घ्यायची माझी छाती झाली नाही. तुला सगळं कळलंय आणि म्हणूनच तू गावात पाऊल टाकत नाहीस, असंच मी धरून चालले."

तिने पिठाचे हात एप्रनला पुसले, तरी ते पांढरेच राहिले.

"माझ्या हातची कॉफी तुला चालेल का गं?"