डोळा आई रोज

पुसायच्या नियमांच्या यादीत तेजलचा हात फक्त एका ठिकाणी थांबला. नियमाचं नाव होतं ‘डोळा आई रोज’.

बाकीचे चाळीस तिने बिनदिक्कत निवडले होते. नियम म्हणजे जाहिरातींना आधीच देऊन ठेवलेले हुकूम. सकाळी दिस, कोणी बघत नसेल तर थांब, रविवारी जोर लाव. माणूस विसरतो, नियम आपला रोज चालत राहतो. हे सगळे देवरामने बनवलेले होते, आणि देवराम नोकरी बदलून पुण्याला गेला होता. एजन्सीने आता नवीन सॉफ्टवेअर घेतलं होतं. जुने नियम एकगठ्ठा निवडायचे, बटण दाबायचं, सगळं साफ. पुसलेला नियम परत मिळणार नाही, एवढी एक सूचना तेवढी लाल अक्षरांत यायची.

“सर, हा ‘डोळा आई रोज’ कशाचा आहे?”

एजन्सीचा मालक मनोज जेवायला घरी निघाला होता. “देवरामच्या आईची जाहिरात आहे ना, सुरगाण्याची, नागलीच्या पापडांची? तिच्यावर डोळा ठेवत असेल. उडव. डोळा ठेवायला आता सॉफ्टवेअर आहे.”

पटण्यासारखं होतं. तेजलनेही नियम उघडून बघायची तसदी घेतली नाही. बटण दाबलं, आणि एकेचाळीस ओळी पडद्यावरून एकेक करत विरून गेल्या. एक वाजायला पाच मिनिटं होती.

दुपारी नाशिक झोपतं, हे बाहेरून आलेल्यांना खरं वाटत नाही. खालच्या गल्लीतली दुकानं अर्धं शटर ओढून पेंगत होती. एसी एका सुरात घुमत होता. खिडकीतलं ऊन सरकत सरकत कीबोर्डपर्यंत आलं होतं आणि त्यात तेजलची बोटं कुणा दुसऱ्याचीच वाटत होती. आपण पाण्याखाली बसलोय असं तिला वाटलं, आणि तिला ते आवडलंही. अशा वेळी माणसाला कोणी काही विचारू नये.

दीड वाजता देवरामचा ऑफिसचा मोबाइल वाजला. आता तो तेजलच्या टेबलावर असायचा.

“देवराम हाय का?”

“नाही, मी तेजल. त्याचं काम आता मी बघते. आपण कोण?”

“मी तानुबाई. त्याची आई. जाहिरातीचं काय असलं तर याच नंबरला सांग, असं तो बोललेला.” आवाज जड होता, झोपेतून नुकता उठलेला. “पोरी, आज दुपारचा फोन कसा वाजला? तीन बायांचे, लागोपाठ. एकीनं इचारलं, पापडात गुलटन हाय का. मी बोलले, नाय बाई, नागली हाय.”

गुलटन म्हणजे ग्लूटेन, हे लक्षात येऊन तेजलला हसू आलं, पण पुरतं आलं नाही. “मावशी, एरवी दुपारी वाजत नाही?”

“एक ते तीन माझा डोळा लागतो ना. देवरामनं तसं करून ठेवलंय. तेवढा येळ जाहिरात दिसत नाय, मंग कोन फोन करनार?”

डोळा लागतो. ठेवायचा नव्हता, लागायचा होता. तेजलला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“चुकलं माझं, मावशी. माझ्याच हातून पुसलं गेलं ते.”

तानुबाई चिडली असती तर बरं झालं असतं. पण ती चिडली नाही.

“रातची झोप नाय माला,” मग ती म्हणाली. “दुपारची काय ती. अन् दुपारीच देवरामचा बा येतो.”

“कुठून?” तेजल विचारून बसली, आणि मग तिला आठवलं. देवरामच्या वडलांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

“नदीच्या पल्याडून. आधी पार टेकडावर दिसायचा, एवढासा. रोज थोडा थोडा खाली येतो. आज पान्यात उतरला व्हता. माझ्याकडं बघून तोंड उघडलं, काय तरी सांगत व्हता, अन् फोन वाजला.” ती थांबली. “आता परत येतो का नाय, काय माहीत. देवरामला नको सांगू हां. पोर उगा घाबरंल.”

“नाही सांगत.”

तेजलने पडद्यावर नवा नियम उघडला. सगळ्या चौकटी कोऱ्या होत्या. तिने एकेक भरायला घेतली, एरवी सहीही करत नसेल इतकं जपून.

“मावशी, आत्ता बंद करते. आज नाही वाजणार, उद्या नाही, कधीच नाही. एक ते तीन. बरोबर ना?”

 पलीकडे लांब कुठेतरी भरदुपारी कोंबडा आरवला.

“चार कर,” तानुबाई म्हणाली. “नदीला पानी लय वाढलंय. त्याला यायला येळ लागंल.”